चार मीटरच्या आत

मारुतीची ब्रेझा ३,९९५ मिलिमीटर लांब आहे. ह्युंदाईची व्हेन्यूही ३,९९५, कियाची सोनेटही तेवढीच आणि स्कोडाची कायलॅकही. निस्सानची मॅग्नाइट एका मिलिमीटरने आखूड, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ पाच मिलिमीटरने. जपानी, कोरियन, झेक आणि आपल्या कंपन्यांनी आपापल्या परीने आखलेल्या या गाड्या. प्रत्येकीचं नाक वेगळं, डोळे वेगळे, इंजिन वेगळं. पण सगळ्यांची तोंडं एका रेषेत लावून उभ्या केल्या, तर शेपट्या करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी फरकात येऊन थांबतील. या गाड्यांबद्दल मला पहिल्यांदा कुतूहल वाटलं ते या आकड्यामुळे. हौसेला इतकी काटेकोर सीमा कुणी घातली?

ती घातली २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने. पी. चिदंबरम अर्थमंत्री होते. लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं आणि लहान गाडी कशाला म्हणायचं तेही ठरलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. त्या वेळी रस्त्यावर उंच गाडी म्हणजे सुमो, सफारी नाहीतर स्कॉर्पिओ, आणि या साऱ्या चार मीटरच्या कितीतरी पलीकडच्या. सवलत होती हॅचबॅकसाठी. पण मोकळं मैदान दिसलं की कुणीतरी खेळायला उतरतंच. पद्मिनीवाल्या प्रीमियरने २००९ मध्ये रिओ आणून पाहिली. महिंद्राने २०१२ मध्ये झायलोची शेपटी छाटून क्वांटो काढली. या दोघींनी बाजार हलला नाही. तो हलला २०१३ च्या जूनमध्ये, फोर्डने इकोस्पोर्ट ५ लाख ५९ हजारांपासून विकायला काढली तेव्हा. मागच्या दाराला टांगलेलं स्टेपनीचं चाक, ते दार बाजूला उघडणारं, बसण्याची जागा उंचावर, आणि किंमत हॅचबॅकच्या घरातली. त्यानंतर २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये एक्सयूव्ही३०० आणि व्हेन्यू, २०२० मध्ये सोनेट आणि मॅग्नाइट अशी रांगच लागली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण माणसांना सांगत आलो. इथे अंथरूण सरकारने घातलं आणि पाय कसे दुमडायचे ते प्रत्येक कंपनीने आपल्या अकलेने ठरवलं. म्हणून या गाड्यांची तुलना करताना कुणात काय काय आहे याची यादी मला पुरेशी वाटत नाही. कुणी काय सोडलं, हे मी आधी पाहतो. चार मीटरच्या आत सगळं बसत नाही. गुडघ्यांना जागा दिली तर डिकी आक्रसते, डिकी मोठी केली तर गुडघे अडतात, छताला उतार दिला तर मागे बसणाऱ्याचं डोकं टेकतं. प्रत्येक गाडी म्हणजे अशा सोडण्याचा एक हिशेब आहे आणि तो हिशेब तिच्या रूपातही वाचता येतो.

लांबी वाढवता येत नसली की गाडी आखणाऱ्याला उंचीचा आधार घ्यावा लागतो. बोनेट उंच आणि सपाट, चाकं शक्य तितकी कोपऱ्यांत, खिडक्यांची रेघ वर ओढलेली, चाकांच्या कमानींवर काळ्या प्लास्टिकचा पट्टा, म्हणजे गाडी जमिनीपासून अधिकच उचललेली भासते. छतावरच्या रेलिंगवर बऱ्याच गाड्यांत ओझं बांधायचं नसतं, ते रूपासाठीच. व्हेन्यूने २०१९ मध्ये दिव्यांचे दोन मजले केले, वर बारीक दिवे आणि खाली बंपरात मुख्य दिवे. पुढे काही जणींनी तो मार्ग धरला. मला यात दोन टोकं महत्त्वाची वाटतात. पहिली ब्रेझा चौकोनी होती, पेटीसारखी सरळ, आणि त्या सरळपणामुळेच चार मीटर तिच्या अंगाला शोभले. ती कुठे तोडल्यासारखी वाटत नाही. दुसरं टोक नेक्सॉनचं. प्रताप बोस यांच्या हाताखालच्या चमूने तिचं छत मागे उतरतं ठेवलं, खांद्याची रेघ उचलली, आणि आखूड गाडीला धावत्या जनावराची चाल दिली. त्यासाठी मागची काच अरुंद झाली आणि आरशातून मागचं थोडंच दिसू लागलं. मी तरीही नेक्सॉनच्या बाजूने आहे. भारतात आखलेली गाडी धीट असू शकते, हे तिने दाखवलं. क्वांटोकडे पाहताना मात्र वाक्य अर्ध्यावर सोडून कुणी उठून गेल्यासारखं वाटायचं; आधी मोठी गाडी आखायची आणि मग छाटायची, यात रूप उरत नाही. स्कोडाने कायलॅक आखताना कुशाकचाच पाया घेतला, पण लांबी २३० मिलिमीटर कमी करताना व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त ८५ मिलिमीटरने घटवला. म्हणजे कात्री चालली ती मुख्यतः चाकांच्या पुढे आणि मागे लोंबणाऱ्या भागावर. माणसांच्या जागेला तिने फारसा हात लावला नाही. छाटायचंच असेल तर ते असं.

इंजिनांची गोष्ट मला घाटात कळली. माझा भाचा नाशिकला नोकरी करतो आणि त्याचे आईवडील, म्हणजे माझी ताई आणि भावजी, कळवणला असतात. नाशिक-वणी-कळवण हा रस्ता त्याच्या पायाखालचा. ताई सप्तशृंगीची भक्त. त्यामुळे कळवणहून निघालं की नांदुरीला वळून गडाचा घाट चढणं ठरलेलंच. गाडी घ्यायची ठरल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही सगळ्यांच्या गाड्या चालवून बघता, माझ्याबरोबर या." मग ओळखीपाळखीतल्या गाड्या मागून आम्ही तोच घाट पुन्हा पुन्हा चढलो, माणसं भरून. शोरूमच्या समोरच्या सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या धावतात.

१,२०० सीसीची मर्यादा पाळायची तर पेट्रोल इंजिन लहान ठेवावं लागतं, आणि दीड टनाच्या आसपासची भरलेली गाडी ओढायची तर त्याला टर्बो लावावा लागतो. म्हणून व्हेन्यूत ९९८ सीसी, कायलॅकमध्ये ९९९, नेक्सॉनमध्ये १,१९९. तिन्ही तीन सिलिंडरची, तिन्ही टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारं चक्र. त्या वायूच्या जोरावर ते जास्तीची हवा दाबून आत ढकलतं, तेवढं इंधन जळतं, तेवढी ओढ वाढते. कायलॅकचा १७८ न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला १,७५० फेऱ्यांपासून मिळतो. सपाटीवर ही गाडी सुसाट जाते. पण घाटाच्या आवळत्या वळणावर, समोरून एसटी आलेली, वेग मोडलेला, गिअर दुसरा, आणि फेऱ्या बाराशे-तेराशेवर उतरलेल्या, अशा वेळी बाहेर पडणारा वायूच कमी असतो. चक्र फिरत नाही. पाय दाबला तरी गाडी क्षणभर ऐकत नाही आणि मग एकदम उसळते. त्या क्षणासाठी पहिला गिअर टाकायची सवय लावून घ्यावी लागते. सवय लागते, पण ती लावून घ्यावी लागते हे गाडी घेण्याआधी ठाऊक असावं. तीन सिलिंडरचं इंजिन उभं असताना जी बारीक थरथर स्टिअरिंगला जाणवते, तीही याच काटकसरीतून आलेली. चारांऐवजी तीन ठोक्यांत फेरे पुरे करायचे, तर दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं.

मारुतीने वेगळा मार्ग धरला. सुरुवातीची ब्रेझा फक्त डिझेलची होती, फियाटच्या घराण्यातलं १,२४८ सीसीचं इंजिन; तेच इंजिन आपण स्विफ्टमध्ये पाहिलं, व्हिस्टामध्ये पाहिलं. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम आले आणि मारुतीने डिझेल सोडून दिलं. त्याआधी फेब्रुवारीतच ब्रेझात १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन बसलं होतं. चार सिलिंडर, टर्बो नाही. लांबी चार मीटरच्या आत, पण इंजिन मर्यादेबाहेर. म्हणजे लहान गाडीची करसवलत कंपनीने स्वतःहून सोडली. घाटात ती गाडी झोपत नाही आणि उसळतही नाही. पायाखाली जेवढं मागाल तेवढंच देते. मात्र चढावर भरपूर फेऱ्या मागते, कारण तिचा १३७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,४०० फेऱ्यांवर आहे. गुळगुळीतपणासाठी मारुतीने करही जास्त भरला आणि ओढही थोडी सोडली. शहरात चालवणाऱ्या, शांतपणे गाडी हाकणाऱ्या माणसासाठी मला हा सौदा आजही पटतो.

आणि डिझेल. नेक्सॉन आणि ३एक्सओ, दोघींची इंजिनं १,४९७ सीसीची, मर्यादेला खेटून. नेक्सॉनचा टॉर्क २६० न्यूटन-मीटर, ३एक्सओचा ३००, आणि तो १,५०० फेऱ्यांपासून हाताशी. नांदुरीच्या घाटात ३एक्सओने गिअर बदलायची वेळच येऊ दिली नाही. पाच माणसं आणि सामान घेऊन ती दुसऱ्या गिअरमध्ये वळण पार करून सहज वर निघाली, आणि गाडीची ताकद म्हणजे काय हे भाच्याला माझ्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्या वळणाने समजावलं. डिझेलला एक अट आहे. नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, आणि ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग लांब धावावी लागते. घर ते ऑफिस, ऑफिस ते भाजीबाजार एवढंच ज्याचं चालणं, त्याने डिझेल घेऊ नये. भाच्याला कळवणची फेरी होती, म्हणून त्याच्यासाठी हा प्रश्न मिटला.

मिटला नाही तो आकाराचा. आणि मला वाटतं, या गाड्यांचा खरा कस तिथेच लागतो.

ताईचे दोन्ही गुडघे दुखतात. हॅचबॅकमध्ये बसताना तिला वाकून, गुडघे मोडून खाली उतरावं लागायचं, आणि उठताना दाराच्या चौकटीला धरून अंग वर ओढावं लागायचं. भावजींच्या मित्राच्या जुन्या सुमोत उलटं, तिथे पायरीवर पाय टाकून चढायचं. या गाड्यांची बैठक बरोबर मधली. उभ्या माणसाच्या कमरेखाली थोडीशी, खुर्चीवर बसावं तशी. मी तिला म्हणालो, "ताई, आधी पाठमोरी टेकून बस, मग पाय आत घे." तिने तसं केलं आणि म्हणाली, "अरे, हे तर बाजेवर बसल्यासारखं आहे." पुढच्या गाड्यांत तिने मला सांगू दिलं नाही. आली, टेकली, पाय फिरवले, झालं. सेल्समन भाच्याला सनरूफ उघडून दाखवत होता आणि मी ताईच्या गुडघ्यांपुढे किती बोटं जागा उरते ते पाहत होतो. देशभर या गाड्या इतक्या का खपल्या याची कारणं लोक रुबाबात शोधतात. त्यात उतारवयातल्या आईवडिलांच्या गुडघ्यांचा वाटा फार मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं. उंच बैठक हा चैनीचा भाग नाही. आई गाडीतून लग्नाला येणार की घरीच थांबणार, हे तिच्यावर ठरतं.

मागच्या बाकाच्या बाबतीत मात्र गाड्या फार वेगळ्या निघाल्या. व्हेन्यू, सोनेट, ब्रेझा यांचा व्हीलबेस अडीच मीटरच्या आसपास होता. महिंद्राने एक्सयूव्ही३०० ला तो २,६०० मिलिमीटर दिला, आणि ३एक्सओमध्ये तोच ठेवला. तिच्याहून फूटभर लांब असलेल्या क्रेटाचा व्हीलबेस याहून फक्त १० मिलिमीटर अधिक आहे. ३एक्सओच्या मागच्या बाकावर ताई पाय सैल सोडून बसली, हात मांडीवर ठेवून. पण जागा कुठून तरी येणारच. एक्सयूव्ही३०० ची डिकी अवघी २५७ लिटरची होती. ३एक्सओमध्ये ती वाढली, तरी खोली कमीच. नेक्सॉनची आताची डिकी ३८२ लिटरची, सोनेटचीही त्याच्या जवळपास. आणि कळवणहून परतताना भाच्याच्या डिकीत काय असतं? कांद्याची गोणी, तांदूळ, शेंगा, पापड-कुरडयांचे डबे. भावजींनी ३एक्सओच्या डिकीत वाकून पाहिलं, हाताने उंची मापली आणि म्हणाले, "गोणी आडवी बसेल, डबे नाही बसणार." भाचा म्हणाला, "बाबा, मग नेक्सॉन घेऊ." ताई मागच्या बाकावरूनच म्हणाली, "डबे येतील रे टेम्पोने. मला टेम्पोतून यायचं नाही."

सुरक्षिततेबद्दल थोडं. गाडी आखूड म्हणजे नाकही आखूड, आणि धडकेचा जोर पचवायला पुढे चुरगळणारा पत्रा कमी. एवढ्याशा जागेत तो जोर जिरवून माणसांची चौकट शाबूत ठेवणं हे अवघड काम आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते, आणि ती गाडी पुण्याजवळच्या रांजणगावात बनत होती. ताशी ६४ किलोमीटरने झालेल्या त्या धडकेचं चित्रण मी अनेकदा पाहिलं आहे. पुढचं नाक पूर्ण चेपतं आणि दाराची चौकट जागच्या जागी राहते. त्याआधी भारतात तारे मोजून गाडी घेणारे थोडे होते. नंतर एक्सयूव्ही३०० ला पाच मिळाले, आणि भारत एनकॅप सुरू झाल्यावर ३एक्सओ आणि कायलॅकलाही. आज शोरूममध्ये गिऱ्हाईक मायलेजच्या जोडीला तारे विचारतं, याचं मोठं श्रेय मी त्या एका गाडीला देतो. मॅग्नाइट २०२० मध्ये ४ लाख ९९ हजारांना आली तेव्हा तिची किंमत पाहून मलाही आनंद झाला होता. पण सगळ्यात कमी किमतीची गाडी आणि सगळ्यात भक्कम गाडी यांत निवडायचं असेल, तर घरच्यांसाठी मी दुसरीच निवडेन.

किमतीचं म्हणाल तर एक्स-शोरूमचा आकडा हा दाराबाहेरचा आकडा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, डिझेलला १३. वर विमा. कायलॅक ७ लाख ८९ हजारांपासून आली, ३एक्सओ ७ लाख ४९ हजारांपासून, पण वरच्या श्रेणीत बहुतेक जणी तेरा-चौदा लाखांकडे सरकतात, आणि तिथे क्रेटासारख्या मोठ्या गाडीची खालची श्रेणी उभी असते. मी भाच्याला मधली श्रेणी घ्यायला सांगितली. सहा एअरबॅग, मागे तिघांनाही तीन ठिकाणी अडकणारा पट्टा, मागचा एसीचा झोत. एवढं मिळालं की पुढचा पैसा डिझेलच्या इंजिनात घालावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. लहान गाड्यांवर आधी उपकरासह २९ ते ३१ टक्के होते, ते १८ झाले. बाकीच्या गाड्यांवर ४०. म्हणजे चार मीटरची ती रेघ पुसट होण्याऐवजी अधिक ठळक झाली. पण आकारात नियम अजूनही फक्त लांबीच मोजतो. जपानने आपल्या केई गाड्यांसाठी लांबी, रुंदी, उंची आणि इंजिन असं सगळंच बांधून दिलं: ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद, ६६० सीसी. तिथल्या गल्ल्यांना त्या गाड्या बरोबर बसतात. आपल्याकडे लांबी अडवली आणि रुंदी मोकळी सोडली, तेव्हा गाड्या अंगाने भरत गेल्या. ३एक्सओ १,८२१ मिलिमीटर रुंद आहे, आरसे धरलेच नाहीत. जुन्या नाशकातले बोळ आणि पुण्यातल्या पेठा जेव्हा वसल्या, तेव्हा अशी रुंदी कुणाच्या मनात नव्हती. दोन लहान म्हणवणाऱ्या गाड्या समोरासमोर आल्या की दोघांपैकी एकाला मागे जावंच लागतं, आणि मागे सायकलवाला, भाजीची हातगाडी, शाळेतली मुलं खोळंबून राहतात. पुढच्या वेळी व्याख्या बदलेल तेव्हा त्यात रुंदी यावी, असं मला फार वाटतं. रस्ता गाडीवाल्यांइतकाच त्यांचाही आहे.

भाच्याने ३एक्सओ ठरवली, डिझेल, हाताने गिअर टाकायची. पैसे भरण्याआधी ताईच्या सांगण्यावरून आम्ही टेप घेऊन त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. त्याच्या जागेच्या एका बाजूला खांब आहे आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची गाडी. गाडी आत घालून चालकाचं दार उघडतं. खांबाच्या बाजूचं मागचं दार मात्र पुरतं उघडत नाही, म्हणून ताईला फाटकाजवळच उतरवायचं ठरलं, आणि शेजाऱ्यांनी आपली गाडी वीतभर पलीकडे लावायचं कबूल केलं. त्या संध्याकाळी भाच्याने बुकिंगचे पैसे भरले.